कामशेतचा वारा: पॅराग्लायडिंग शिकतानाचा एक आठवडा

शनिवार

पुण्याहून लोणावळा लोकल धरली की साधारण सव्वा तासात कामशेत येतं. स्टेशनाबाहेर जुना मुंबई-पुणे रस्ता, बाजारपेठ, वडापावच्या गाड्या, आणि त्या गर्दीत कमरेपासून डोक्याच्याही वर जाणाऱ्या पिशव्या पाठीवर घेतलेले चार-पाच जण. पॅराग्लायडर असाच प्रवास करतो. विंग म्हणजे कापडी पंख, हार्नेस म्हणजे बसायची पट्ट्यांची बैठक, अडचणीत उघडायचं रिझर्व्ह पॅराशूट आणि हेल्मेट मिळून पंधरा-अठरा किलो, आणि सगळं एका पिशवीत मावणारं. लोकलच्या डब्यातून नेता येईल असं उडायचं साधन म्हणूनच मला याची पहिल्यापासून ओढ होती.

फेब्रुवारीचा शेवट. मावळातला भात कधीच निघालेला, खाचरं मोकळी, कुठे कुठे हरभरा उभा, काटेसावरीला लाल फुलं. इथला हंगाम पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. मी हे दिवस निवडले ते वाऱ्यासाठी. आत्ता सकाळी वारा जवळजवळ पडलेला असतो, दुपारी जमीन तापून हवा वर उसळायला लागते, आणि तिसऱ्या प्रहरी कोकणातून खारा वारा घाट चढून मावळात शिरतो. शिकणाऱ्याला एकाच दिवसात तीन तऱ्हेची हवा भेटते.

आमच्या तुकडीत रत्नागिरीचा बोटीवर नोकरी करणारा एक इंजिनिअर, नाशिकची कॉलेजातली मुलगी, ठाण्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि पुढे पॅरामोटर, म्हणजे पाठीवर इंजिन लावून उडायचं पॅराग्लायडर, उडवायचं ठरवून आलेला नगरचा एक शेतकरी. जेवणात इंद्रायणी भात होता, त्यामुळे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात सरांनी मैदानावर विंग पसरली आणि झोप उडाली.

पंचवीसेक चौरस मीटर नायलॉन. वजन पाच किलोच्या आसपास. कापडाचे दोन थर, मधे उभे पडदे, त्या पडद्यांनी झालेले कप्पे. पुढची कड उघडी, मागची शिवलेली. पुढून हवा शिरते, मागून तिला वाट नसते, आणि आतल्या दाबाने त्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. आत काठी नाही, सांगाडा नाही. कप्प्यांचा हा पंख डोमिना जाल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात बनवला. मग १९७८ मध्ये फ्रान्समधल्या म्यूसी गावच्या उतारावरून काही पॅराशूटवाले धावत सुटले आणि तरंगत खाली उतरले. दर उडीला विमान भाड्याने घेणं परवडत नव्हतं, एवढंच साधं कारण होतं. आपला सगळा खेळ त्या धावण्यातून निघाला आहे.

संध्याकाळभर फक्त दोऱ्या पाहिल्या. पुढच्या ओळीतल्या ए, त्यामागे बी, मग सी, आणि मागच्या कडेला ब्रेकच्या. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. ए ओढल्या की पुढची कड उठते, सी ओढल्या की विंग बसते, एका बाजूचा ब्रेक ओढला की त्या बाजूला वळते. वारंवार दुमडून आणि उन्हात राहून या दोऱ्या आतून कमजोर होतात, म्हणून त्यांची तपासणी हा शोभेचा भाग नाही. करवंदीची बोटभर काडी ब्रेकच्या दोऱ्यांत अडकली असेल तर जमिनीवर ती दिसतही नाही, हवेत मात्र विंग एका अंगाला वळत राहते.

रविवार

सकाळी सातला छोट्या टेकडीच्या पायथ्याशी. गवत ओलं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, लोंबत होता. अशा मंद वाऱ्यात करतात तो फॉरवर्ड लाँच: पाठीमागे विंग, तोंड वाऱ्याकडे.

विंग कमानीसारखी पसरायची, मधला भाग टेकडीकडे थोडा वर, दोन्ही टोकं आपल्याकडे झुकलेली, म्हणजे मधले कप्पे आधी भरतात. दोन्ही हातांत ए रायझर, म्हणजे ए दोऱ्या जिथे एकत्र येतात ते पट्टे, आणि ब्रेकच्या मुठी, हात मागे. एक पाऊल मागे घेऊन पुढे निघायचं. दोन पावलांत दोऱ्या ताणतात आणि पाठीवर ओझं येतं. इथे बहुतेकांचं शरीर थांबतं, कारण मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं. नेमकं तिथेच छाती पुढे टाकून चालत राहायचं. रायझर हिसकायचे नाहीत. भरलेली घागर विहिरीतून वर घेताना हात जसा एकसारखा ओढतो तसा ओढा हवा. विंग वर येते, ओझं हलकं होतं, आणि ती डोक्यावरून पुढे पळू नये म्हणून ब्रेकला हलकासा स्पर्श.

मग मान वर. सरांनी दिवसभर हाच मुद्दा लावून धरला. विंग पूर्ण उघडली आहे का, डोक्यावर मधोमध आहे का, दोऱ्यांत गाठ नाही ना? एका क्षणात पाहायचं आणि ठरवायचं. तिन्हींपैकी एकही गोष्ट ठीक नसेल तर ब्रेक पूर्ण खाली ओढून थांबायचं. सगळं ठीक असेल तरच खरं धावणं. विंग उचलणं, पाहणं आणि धावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन कितीही वेळा रद्द करता येतात, हे पायांत भिनेपर्यंत आम्ही उताराच्या खालच्या टप्प्यावर वरखाली करत होतो.

विंग डावीकडे झुकली तर आपणही डावीकडे, तिच्याखाली धावायचं. मनाला हे पटत नाही. मन उलट्या बाजूला ओढतं, आणि तसं केलं की विंग आणखी लवकर पडते. नाशिकच्या मुलीला हे सर्वांत आधी साधलं. ती कबड्डी खेळते. तिची नजर आणि पाय एकाच वेळी चालतात.

दुसरी सवय मोडावी लागते ती उडी मारण्याची. पाय हलके झाले की माणूस झोपाळ्यावर बसावं तसा हार्नेसमध्ये बसायला जातो. बसलं की दोऱ्यांवरचा ओढा बदलतो, विंग किंचित मंदावते, आणि उतार अजून पायाखालीच असतो. जमीन सुटली तरी पाय धावतेच ठेवायचे. नऊनंतर ऊन चढलं, गवताचे शेंडे वेगवेगळ्या दिशांना हलायला लागले, आणि सरांनी विंगा गोळा करायला सांगितल्या.

सोमवार

दुपारी चारनंतर मैदानावर पश्चिमेचा वारा एकसारखा लागला. आता रिव्हर्स लाँच: तोंड विंगकडे, पाठ वाऱ्याला, रायझर एकमेकांवरून आडवे गेलेले. त्यामुळे कोणत्या बाजूने वळायचं ते हार्नेस अडकवतानाच ठरवून टाकावं लागतं आणि प्रत्येक वेळी तीच बाजू ठेवावी लागते.

रायझर किंचित ओढले की पुढची कड जमिनीवरच भरून उभी राहते. याला इथले सगळे भिंत म्हणतात. भिंत उभी केली की गाठ, काडी, उलटी गेलेली दोरी समोर दिसते. मला रिव्हर्स लाँच जास्त सुरक्षित वाटतो तो यासाठी: तपासणी डोळ्यांसमोर होते. भिंत नीट असेल तर एक पाऊल मागे, विंग वर येते, आणि वर येताना तिच्याकडे चालत जायचं, म्हणजे ओढा कमी होतो. डोक्यावर आली की ब्रेकचा स्पर्श, आणि वळायचं.

वाऱ्याचा हिशोब सरांनी मातीत काडीने लिहून दाखवला. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात हाताशी राहणारी विंग २० च्या वाऱ्यात माणसाला उचलू शकते. त्याहून वाईट झोत. सरासरी १५ असली आणि मधूनच २५ येत असेल तर नवशिक्याच्या दृष्टीने तो दिवस २५ चाच. ठाण्याच्या काकांना याचा अनुभव लगेच आला: एका झोताने विंग अचानक वर आली, काका दोन पावलं ओढले गेले, आणि त्यांनी दोन्ही सी रायझर छातीशी ओढून विंगकडे धाव घेतली. विंग जागेवर बसली. सकाळी शिकवलेली गोष्ट साठी उलटलेल्या माणसाच्या हातांनी इतक्या लवकर उचलली, याचं सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

नगरच्या शेतकऱ्याला घाई होती. त्याला पॅरामोटर घ्यायचा आहे. त्याला सरांनी सांगितलं ते सगळ्या पॅरामोटरवाल्यांनी ऐकावं. पाठीवर पंचवीस-तीस किलोचं इंजिन, मागे फिरणारा पंखा, पायाखाली सपाट जमीन. विंग डोक्यावर स्थिर होऊन नजरेने तपासण्याआधी पूर्ण थ्रॉटल दिला तर वाकडी विंग घेऊनच माणूस धावतो, आणि पडला तर दोऱ्या पंख्याजवळ. इंजिन चुकीचा लाँच सुधारत नाही, फक्त तो जास्त जोरात करतं. तेव्हापासून तो मैदानातून सर्वांत शेवटी निघायचा.

मंगळवार

सकाळपासून वारा पूर्वेचा, झोतांचा. टेकडीवर गेलोच नाही. रत्नागिरीकर थोडा हिरमुसला. त्याची रजा मोजकी. वर्ग मात्र आठवड्यातला सर्वांत चांगला झाला.

विषय होता विंग हवेत का बिघडते. शिकाऊ विंग ताशी ३५-३७ किलोमीटरने आपसूक पुढे जाते. दोन्ही ब्रेक खोल ओढून ठेवले तर वेग घटत घटत २२-२५ पर्यंत येतो आणि मग पंख हवा धरत नाही. याला स्टॉल म्हणतात. घाबरलेला माणूस काहीतरी घट्ट धरतो, आणि त्याच्या हातात असतात ब्रेक. म्हणून रेडिओवर सर्वांत जास्त ऐकू येणारे दोन शब्द: हात वर.

उलट गोष्ट कोलॅप्स. खवळलेल्या हवेत विंगच्या एका बाजूची पुढची कड दुमडते. आधी वजन उघड्या बाजूला, तिथला ब्रेक थोडासा, दिशा डोंगरापासून दूर. मिटलेली बाजू उघडण्याचं काम त्यानंतर. उंची असेल तर वेळ असतो, डोंगराला चिकटून उडत असू तर नसतो. विंगांना युरोपीय चाचणीत ए ते डी अशी श्रेणी मिळते. ए म्हणजे बिघडल्यावर बहुतेक वेळा स्वतःहून सावरणारी. कुणी दिसायला वेगवान विंग स्वस्तात देऊ करतं तेव्हा हे अक्षर आधी विचारावं, आणि आपलं वजन तिच्या मर्यादेत बसतं का तेही.

मग ढगांचा विषय निघाला. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मॅनिला गावाजवळ, जागतिक स्पर्धेच्या सरावात, जर्मनीच्या एवा विस्निएर्स्का यांना वादळी ढगाने आत ओढून घेतलं. त्यांच्या यंत्रात नोंदलेली उंची ९,९४६ मीटर. एव्हरेस्टपेक्षा हजार मीटर वर, बर्फात, एवा अर्ध्या तासाहून अधिक काळ बेशुद्ध होत्या आणि तरीही जिवंत उतरल्या. त्याच ढगात सापडलेले चीनचे ‘हे झोंगपिन’ वाचले नाहीत. दोघेही कसलेले वैमानिक होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचे ढग असेच भराभरा वाढतात, आणि ढगाच्या तळाशी मिळणारी सोपी चढाई हीच धोक्याची खूण असते.

बुधवार

पहाटे मतलई वाऱ्याचा शेवटचा अंश होता, मग तोही थांबला. आठच्या सुमारास टेकडीच्या तोंडावरून हलकी झुळूक वर यायला लागली. विंडसॉक, गवत, आणि खाली शेतात कुणीतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर, तिघंही एकच दिशा सांगत होते.

तपासणी मोठ्याने बोलून करायची हा इथला नियम. हेल्मेटचा पट्टा. मांडीचे दोन्ही पट्टे. छातीचा पट्टा. रायझर हार्नेसला जोडणाऱ्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, बंद. रिझर्व्हची पिन जागेवर. रायझर सरळ, ए वर. दोऱ्या मोकळ्या. वारा समोरून. आकाश रिकामं. मांडीचे पट्टे विसरून उडालेला माणूस हवेत गेल्यावर बसू शकत नाही, छातीच्या पट्ट्यावर काखांत लटकत राहतो. जगभर यातून माणसं गेली आहेत. टँडेमला, म्हणजे वैमानिकासोबत एकाच विंगवर, गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्यांनीही हे पट्टे स्वतः हात लावून पाहावेत. शेजारच्या उतारावर एका टँडेमवाल्याने प्रवाशाला फोटोसाठी उभं केलं, गप्पा चालू, आणि पट्टे अगदी शेवटी लावले. मला ते पाहवलं नाही. लावले, पण ते शेवटी लावायचं काम नाही.

माझी पाळी आली. विंग वर आली, वर पाहिलं, मधोमध होती. रेडिओवर आवाज आला, “चांगली आहे, धावा. धावा, धावा.” पाय धावत होते आणि गवत खाली खाली जात होतं. रेडिओवरच पुढची सूचना: “आता बसा. हात वर.”

मला वाटलं होतं वर शांतता असेल. तशी नसते. दोऱ्यांतून वारा सतत बोलत असतो, आणि त्या आवाजावरून वेग कळतो: आवाज मंदावला की वेग मंदावला. खालून कुत्र्याचं भुंकणं, एसटीचा हॉर्न, कुणाची तरी हाक इतकी स्पष्ट येते की दचकायला होतं. समोर विसापूरचा सपाट माथा उन्हात आला होता. डावीकडे वळा म्हटल्यावर आधी त्या बाजूला पाहिलं, मग वजन टाकलं, मग ब्रेक. क्रम हाच.

शिकाऊ विंग स्थिर हवेत एक मीटर खाली जाताना सातआठ मीटर पुढे जाते. समोरून वारा असला की हे अंतर घटतं. म्हणून उतरायचं शेत उड्डाणाच्या आधी चालत जाऊन पाहिलेलं असतं: बांध कुठे, विजेच्या तारा कुठे, हरभरा कुठे. हरभऱ्यात उतरणं म्हणजे कुणाच्या तरी कष्टावर पाय देणं, आणि गावकऱ्यांनी शेतं वापरू दिली म्हणूनच इथे हा खेळ टिकून आहे. तारा दुरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांमध्ये तार आहे असं धरूनच चालायचं.

शेताच्या वाऱ्याखालच्या बाजूला नागमोडी वळणं घेत उंची घालवली आणि मग वाऱ्याला सामोरी सरळ आले. इथून पुढे जोरकस वळण नाही, कारण वळणात उंची पटकन जाते आणि माणूस दोरीच्या टोकाला झुलत जमिनीकडे येतो. जमिनीजवळ वारा मंदावतो, विंगखालचा वेग अचानक कमी पडतो, म्हणून शेवटपर्यंत हात वर आणि वेग राखलेला. पाय हार्नेसमधून बाहेर, उभं राहिल्यासारखं. जमीन मीटर-दीड मीटरवर आल्यावर ब्रेक एकसारखे पूर्ण खाली. विंग क्षणभर थबकली आणि मी भाताच्या धसकटांत दोन पावलं चालून थांबले. मला रडू आलं. शेताच्या मालकीणबाई बांधावरून बघत होत्या, म्हणाल्या, “बस जराशी, पाणी पी.” मी बसले.

गुरुवार

सकाळभर तेच, पुन्हा पुन्हा: चढा, तपासा, उडा, उतरा, विंगची गुंडाळी पाठीवर घेऊन चढा. लिहिण्यासारखं थोडं, शिकण्यासारखं खूप. संध्याकाळी वारा वाढला आणि सरांनी जीप अर्ध्या रस्त्यातून परत फिरवली. कुणी काही बोललं नाही.

शुक्रवार

टॉवर हिल. कामशेतची पश्चिमेला तोंड करून असलेली मोठी धार. खारा वारा या धारेवर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या हवेच्या पट्ट्यात, धारेच्या पुढे आणि वर, विंग तासन् तास राहू शकते. धारेच्या मागे मात्र तीच हवा गोल गोल लोळत खाली येते. तो रोटर. वारा विंगच्या वेगाइतका झाला की ती जागच्या जागी उभी राहते, त्याहून वाढला की मागे, रोटरकडे सरकते. म्हणून वर गेल्यावर डोळे सतत खालच्या एखाद्या झाडावर: मी पुढे सरकते आहे ना? पुढे सरकणं मंदावलं की धार सोडून दरीवर निघायचं, उंची असतानाच.

लाँचवर बसून दोन तास जाणते वैमानिक पाहिले. नियम डोळ्यांसमोर चालू होते. दोघे समोरासमोर आले की ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे तो सरळ जातो, कारण त्याला उजवीकडे जागाच नाही; दुसरा दरीकडे सरकतो. वळण नेहमी डोंगरापासून दूर. थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, जो आधी फिरतो आहे त्याच्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं, आणि खालून चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण त्याला स्वतःच्या विंगमुळे वरचं दिसत नाही. वणव्याने काळ्या पडलेल्या उतारावरून दोन घारी पंख न हलवता चढत गेल्या आणि मागोमाग तीन विंगा त्यांच्याकडे वळल्या. तापलेली काळी जमीन कुठे हवा सोडते ते घारींना आधी कळतं.

साडेपाचला हवा गुळगुळीत झाली तेव्हा सरांनी आम्हाला एकेक करून सोडलं. भिंत उभी केली. उजव्या टोकाच्या दोऱ्यांत गवताची पेंडी अडकलेली दिसली. विंग बसवली, पेंडी काढली, पुन्हा भिंत. मागे रांगेत माणसं होती, एकानेही घाई केली नाही. मग वर, नजर, वळण, आणि धारेने मला धावूच दिलं नाही. तिसऱ्या पावलाला उचललं. सूर्य खाली जाईपर्यंत धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिले. नाशिकची मुलगी माझ्या थोडी वर होती. प्रत्येक वळणाआधी तिची मान फिरताना दिसत होती.

उतरल्यावर विंग कोरडी करून, कप्प्यांतली माती आणि काजळी झटकून, सैल घडी घातली. ओली विंग पिशवीत ठेवली तर कापड खराब होतं, आणि उगाच उन्हात पसरून ठेवली तरी होतं. रिझर्व्ह वापरलं नसलं तरी सहा महिने ते वर्षभरात उघडून पुन्हा भरून घ्यायचं असतं. शाळेच्या हार्नेसला त्याची तारखेची चिठ्ठी होती.

पुढचा टप्पा मार्चच्या मध्यावर. तोवर पुण्याजवळच्या मोकळ्या मैदानावर, वारा १५ च्या आत असताना, हेल्मेट घालून आणि सोबतीला कुणीतरी जाणतं माणूस घेऊन फक्त विंग उभी करणं, धरणं आणि बसवणं एवढाच सराव सरांनी दिला आहे. नगरचा शेतकरीही येतो म्हणाला. त्याच्याकडे वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र आहे.